वाचकांचे प्रश्न : प्रवेश समिती अर्ज वाचते तेव्हा नेमके काय पाहते?

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशाविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे : अर्ज पाठवल्यानंतर पलीकडची माणसे तो कसा वाचतात? अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवत असताना मी अशा समितीवर काम केले आहे. त्यामुळे पुढील उत्तरे प्रामुख्याने तेथील विज्ञान शाखांच्या पीएचडी प्रवेशाला लागू पडतात. मास्टर्सचा किंवा भारतातील प्रवेशाचा प्रश्न जिथे आहे, तिथे तसे स्पष्ट केले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : साताऱ्यातून बी.एस्सी. आणि शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. एम.एस्सी.ला 67 टक्के आहेत. आयआयटीच्या मुलांपुढे माझा अर्ज कोणी वाचेल का? साधारण किती टक्क्यांना कटऑफ लागतो?
— एक विद्यार्थी, वाई

उत्तर : अकरावीपासून सीईटीपर्यंत आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी, आणि यादी म्हणजे एका आकड्यावरून लागणारा क्रम. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की कटऑफचा प्रश्न ओघानेच येतो. अमेरिकेतील पीएचडी प्रवेशात अशी यादी लागत नाही. विद्यापीठाचे पदव्युत्तर कार्यालय पदवीची समकक्षता, इंग्रजीची परीक्षा आणि किमान ग्रेड एवढ्या अटी तपासते. त्यानंतरचा निर्णय त्या त्या विभागातील प्राध्यापकांची समिती घेते. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये संपते. प्रत्येक अर्ज साधारणपणे दोन किंवा तीन प्राध्यापक स्वतंत्रपणे वाचतात, त्यावर आपले मूल्यांकन आणि दोन-चार ओळींचा शेरा नोंदवतात, आणि मग समिती एकत्र बसते. सर्वांनाच पसंत पडलेले अर्ज झटपट मंजूर होतात, सर्वांनाच नापसंत असलेले तितक्याच वेगाने बाजूला पडतात. खरी चर्चा होते ती मधल्या गठ्ठ्यावर, आणि तुम्ही कळवलेल्या माहितीवरून तुमचा अर्ज बहुधा तिथेच असेल. त्या गठ्ठ्यातून अर्ज वर येतो तो समितीतील कोणीतरी त्याची बाजू घेतल्यामुळे, आणि बाजू घेणाऱ्याला इतरांसमोर सांगण्याजोगे एखादे ठोस वाक्य तुमच्या अर्जातच सापडावे लागते. ‘हा मुलगा हुशार आहे’ या वाक्याने टेबलाभोवतीचे कोणी हलत नाही. ‘याने कमी साधनांत पातळ थरांचे नमुने स्वतः तयार केले आणि मोजमापातली चूक स्वतःच शोधली’ या वाक्याने हलतात.

याला कारण आहे. विज्ञान शाखांतील पीएचडीचा विद्यार्थी सहसा शुल्क भरत नाही. उलट त्याचे शुल्क माफ करून विभाग त्याला पाच-सहा वर्षे स्टायपेंड देतो, आणि त्या बदल्यात तो पदवीच्या वर्गांना शिकवण्यात मदत करतो किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो. म्हणजे समितीच्या दृष्टीने ही बरीच मोठी आणि लांब पल्ल्याची गुंतवणूक असते. हा विद्यार्थी अपयशी प्रयोगांचे दुसरे-तिसरे वर्ष ओलांडून संशोधन पुरे करील का, आणि ते आमच्यापैकी कोणाकडे करील, हे त्यांना ठरवायचे असते. टक्केवारी या प्रश्नाचे थोडेसेच उत्तर देते.

तरीही गुणपत्रिका काळजीपूर्वक वाचली जाते, फक्त तळाची बेरीज न पाहता. ज्या विषयात संशोधन करायचे आहे त्याच्या पेपरांत काय स्थिती आहे, सेमिस्टरगणिक आलेख चढता आहे की उतरता, प्रोजेक्टला काय मिळाले, याकडे लक्ष जाते. चौथ्या सेमिस्टरला 75 पर्यंत चढलेले 67 आणि पहिल्या सेमिस्टरच्या 75 वरून घसरलेले 67 यांत समितीला मोठा फरक दिसतो. भारतीय गुणपत्रिका वारंवार पाहणाऱ्या प्राध्यापकांना आपल्याकडे 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते हे ठाऊक असते. 67 म्हणजे काठावर पास असा त्यांचा समज होत नाही. म्हणून अर्जात स्वतःच्या सूत्राने टक्क्यांचे चारपैकी जीपीएत रूपांतर करून लिहू नका. बहुतेक विद्यापीठे मूळ गुणपद्धतीतच माहिती मागतात, आणि तुमचे सूत्र उदार निघाले तर उगीच संशयाला जागा होते.

महाविद्यालयाच्या नावाबद्दलची तुमची भीती मात्र अगदीच निराधार नाही. समितीला आयआयटीचे नाव माहीत असते आणि ओळखीच्या नावाचा फायदा होतो, हे मी नाकारणार नाही. पण अनोळखी महाविद्यालय म्हणजे वाईट महाविद्यालय असे सहसा कोणी धरत नाही. वाचणाऱ्याकडे तुलनेचे माप नसते, एवढीच अडचण असते. ते माप तुम्ही पुरवा. शिवाजी विद्यापीठ 1962 पासूनचे आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. तुमच्या विषयाला किती विद्यार्थी बसले आणि त्यांत तुमचा क्रमांक कितवा, हे शिफारसपत्रात येऊ द्या. दुसरे माप म्हणजे बाहेरच्या संस्थेत केलेले काम. भारतातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही उन्हाळी कार्यक्रम असतो. तिथे दोन महिने काम केलेल्या विद्यार्थ्याविषयी तिथल्या शास्त्रज्ञाने लिहिलेले पत्र समितीला पटकन वाचता येते, कारण त्या शास्त्रज्ञाचे शोधनिबंध त्यांनी पाहिलेले असतात. एम.एस्सी. संपली म्हणून हा मार्ग बंद होत नाही; प्रकल्प सहायक म्हणून वर्षभर काम करणे हाही तितकाच चांगला पर्याय आहे.

प्रश्न : मी कराडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी काही विद्यार्थी शिफारसपत्र स्वतःच लिहून आणतात आणि मी ते लेटरहेडवर घेऊन सही करतो. वेळ कमी असतो, आणि खरे सांगायचे तर काय लिहावे हेही नीट ठाऊक नसते. या पत्रांना खरोखर महत्त्व असते का?
— एक प्राध्यापक, कराड

उत्तर : सर, तुम्ही मोकळेपणाने विचारलेत याबद्दल आभार. ही पद्धत केवळ तुमच्या महाविद्यालयात आहे असे नाही. मोठमोठ्या संस्थांतही ती चालते. पण पीएचडीच्या अर्जात साधारणपणे तीन शिफारसपत्रे असतात, आणि माझ्या मते आपल्या भागातील चांगल्या विद्यार्थ्यांचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले पत्र ओळखू येते. उद्देशपत्रातली (विद्यार्थी अर्जासोबत आपले काम आणि हेतू सांगणारे जे निवेदन लिहितो त्यातली) शब्दरचना त्यात उतरलेली असते, तीनही पत्रांचा सूर सारखा असतो, आणि स्वतःविषयी काय सांगावे हे विद्यार्थ्याला कळत नसल्यामुळे त्यात नुसती विशेषणे असतात : कष्टाळू, प्रामाणिक, नम्र, आज्ञाधारक, वक्तशीर, स्नेहसंमेलनात उत्साहाने भाग घेणारा. शेवटी उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. आज्ञाधारकपणा हा आपल्याकडे गुण मानला जातो, पण संशोधक निवडायला बसलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. झालाच तर उलटा अर्थ होतो. असे पत्र विद्यार्थ्याच्या विरुद्ध जातेच असे नाही, पण तीनपैकी एक जागा वाया जाते.

तुम्हाला काय लिहिता येईल हे एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. तुमच्या विभागातील एखादी विद्यार्थिनी उसाच्या चिपाडाचा भुगा वापरून पाण्यातला मेथिलीन ब्लू हा रंग शोषून घेण्याचा प्रकल्प करते आहे असे समजा. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात असे प्रकल्प नवे नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 664 नॅनोमीटरच्या आसपास ती शोषणांक (पाण्यात किती रंग उरला हे दाखवणारा आकडा) मोजते आणि तिला दिसते की भुग्याचे प्रमाण वाढवले तरी एका मर्यादेनंतर रंग कमी होण्याऐवजी किंचित वाढल्यासारखा भासतो. बरोबरीची मुले ते आकडे गाळून आलेख गुळगुळीत करतात. ही मुलगी मात्र नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात भुगा ढवळून, गाळून, ते पाणी मोजते. भुग्यातूनच पिवळसर द्रव्य सुटते आहे आणि त्यामुळे पाणी थोडे गढूळही राहते आहे, म्हणून वाचन फुगते, हे तिच्या लक्षात येते. मग भुगा धुऊन घेऊन ती सगळी वाचने पुन्हा घेते. हे पाच-सहा वाक्यांत, तुमच्या साध्या इंग्रजीत, जसे घडले तसे लिहा. इंग्रजी अलंकारिक असण्याची काहीही गरज नाही. असे पत्र वाचून, भेट न झालेल्या मुलीची बाजू घेऊन भांडणारे प्राध्यापक मी समितीत पाहिले आहेत.

पत्रासोबत एक ऑनलाइन तक्ताही भरावा लागतो. विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आणि तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तो वरच्या 5 टक्क्यांत बसतो, 10 टक्क्यांत की 25 टक्क्यांत, असे त्यात विचारलेले असते. सद्भावनेने प्रत्येकाला सर्वांत वरच्या रकान्यात बसवू नका. एकाच शिक्षकाची पत्रे त्याच विभागाकडे वर्षानुवर्षे जातात, आणि मागच्या चौघांनाही ‘आजवरचा सर्वोत्तम’ म्हटलेले असेल तर पाचव्याच्या पत्राचे वजन उरत नाही. वरच्या 10 टक्क्यांत असलेल्या मुलाला तसेच म्हणा आणि त्याचा एखादा कच्चा दुवाही सांगा. त्याने बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो.

दोन व्यावहारिक गोष्टी. पत्र अपलोड करण्याची लिंक तुमच्या ईमेलवर येते आणि पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडते. डिसेंबरमध्ये तिथे डोकावत जा. शक्य असेल तर महाविद्यालयाच्या ईमेल पत्त्याचा वापर करा, कारण वैयक्तिक पत्त्यावरून आलेल्या पत्रांची काही विद्यापीठे अधिक छाननी करतात. आणि वेळेचे म्हणाल, तर विद्यार्थ्याला पत्राचा मसुदा मागण्याऐवजी प्रकल्पाची वही आणि केलेल्या कामाचे टिपण मागा. त्यावरून पत्र लिहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. एखाद्याविषयी लिहिण्यासारखे काही आठवतच नसेल, तर ‘दुसऱ्या सरांकडून घे’ असे सांगणेच त्याच्या हिताचे आहे.

प्रश्न : मुलीला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करायचे आहे. एक सल्लागार एसओपी (उद्देशपत्र) लिहून देण्यापासून प्रवेशापर्यंतचे पॅकेज सांगतात आणि प्रवेशाची हमीही देतात. हा खर्च करावा का?
— एक पालक, मिरज

उत्तर : हमी या शब्दापाशी थांबावे. पोवई नाक्यापासून विश्रामबागपर्यंत अशा पाट्या आता सर्वत्र दिसतात, आणि त्यांतले सगळेच फसवे नाहीत. अर्जाची कागदपत्रे, मुदती, व्हिसाचे अर्ज यांत मदत करणारे चांगले लोकही आहेत. पण ज्या विद्यापीठात निवड कठीण आहे तिथली हमी कोणी देऊ शकत नाही, आणि जिथली हमी देता येते तिथे निवड फारशी होतच नाही. परदेशी विद्यापीठे काही एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात, हेही लक्षात असू द्या. सल्लागार ठरावीक विद्यापीठांचाच आग्रह का धरतो, असे त्याला सरळ विचारायला हरकत नाही.

इथे पीएचडी आणि एम.एस. यांतला फरक समजून घ्यावा. एम.एस.चा विद्यार्थी बहुधा स्वतःचे शुल्क भरतो, त्यामुळे समिती वेगळ्या नजरेने पाहते : ही मुलगी दीड-दोन वर्षांचे अभ्यासक्रम झेपवील का, गणित आणि प्रोग्रामिंगचा पाया पक्का आहे का? अनेक विभागांत एम.एस.च्या जागा पीएचडीपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणूनच प्रवेशपत्र आले यावरून मुलगी तिथे विशेष निवडली गेली असे समजून कर्ज काढू नये. त्या विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी काय करतात ते आधी पाहावे.

एसओपी मुलीनेच लिहावा. बाजारात तयार होणाऱ्या एसओपींची सुरुवात लहानपणी उघडलेल्या रेडिओने किंवा कुणा थोर पुरुषाच्या वचनाने होते, मध्ये चार प्राध्यापकांची नावे ओवलेली असतात आणि विद्यापीठाचे नाव तेवढे बदललेले असते. एखाद्या वर्षी मागच्या अर्जातले विद्यापीठाचे नाव पुसायचे राहते, आणि ते वाक्य समितीच्या खोलीत मोठ्याने वाचले जाते. एक-दीड पानात मुलीने तीन गोष्टी सांगाव्यात : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तिने स्वतः नेमके काय केले (गटाने नव्हे), त्यात काय अडले, आणि आता कोणता भाग खोलात शिकायचा आहे व तो तिथे कोण शिकवतो. व्याकरण कोणाकडून तपासून घेण्यात काहीच गैर नाही. वाचणाऱ्याला तिचा विचार दिसला पाहिजे.

प्रश्न : जीआरई आता लागते की नाही?
— एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा; ती लागते की नाही हे विभागागणिक वेगळे आहे. जीवशास्त्रातील अनेक विभागांनी 2020 च्या महासाथीआधीच, आणि त्यानंतर इतरही पुष्कळ विभागांनी ही अट काढली. काहींनी ऐच्छिक ठेवली, काहींनी परत आणली. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा लहान झाली असून दोन तासांच्या आत संपते, आणि गुण पाच वर्षे चालतात. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था स्वतःच सांगते की केवळ या गुणांच्या कटऑफवर कोणाला नाकारू नये. अनोळखी महाविद्यालयातून अर्ज करणाऱ्यांनी, परवडत असेल तर, ऐच्छिक असली तरी द्यावी असे माझे मत आहे. गणिताच्या भागात 170 च्या जवळ गुण आले तर वर म्हटलेले तुलनेचे माप आयते मिळते. इंग्रजीच्या परीक्षेत मात्र बोलण्याच्या भागाकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकेत पीएचडीच्या विद्यार्थ्याला शिकवायला वर्गावर उभे राहावे लागते, म्हणून काही विद्यापीठे त्या भागासाठी वेगळी किमान मर्यादा ठेवतात.

प्रश्न : एम.एस्सी.नंतर तीन वर्षे एमपीएससीची तयारी केली. यश आले नाही. ही वर्षे अर्जात लपवावीत का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : लपवू नका, रिकामी जागा पाहून वाचणारा स्वतःच काहीतरी तर्क लढवतो. ‘या काळात राज्य सेवेच्या स्पर्धा परीक्षेची तयारी केली, त्यानंतर विषयाकडे परतण्याचे ठरवले’ एवढी दोन वाक्ये पुरेत, दिलगिरीची गरज नाही. समितीला खरी शंका असते ती विषयाचा हात सुटला आहे का, याची. त्यासाठी अर्जापूर्वीचे किमान सहा-आठ महिने प्रयोगशाळेत, गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत किंवा विषय शिकवण्यात घालवा आणि तीनपैकी एक पत्र त्या ताज्या कामाविषयी असू द्या.

प्रश्न : परदेशी जाणे शक्य नाही. भारतातील पीएचडी प्रवेशात या सगळ्याचा काही उपयोग आहे का, की तिथे फक्त नेट?
— एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : इथे आकड्याला अधिक वजन आहे, हे खरे. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो; उरलेल्या दोन गटांतील उमेदवारांच्या बाबतीत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि ते गुण पीएचडी प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये मिळतात, ही फार मोठी सोय आहे.

पण यादीत नाव लागूनही मार्गदर्शक न मिळाल्याने मुले खोळंबतात, याचा विचार आधीच करायला हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 पीएचडी विद्यार्थी असू शकतात. कोणाकडे जागा रिकामी होणार आहे हे विद्यापीठात जाऊन विचारा, त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून भेटा. टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या ठिकाणी मुलाखत लांबलचक चालते. पुष्कळदा आवडता विषय तुम्हालाच निवडायला सांगतात आणि मग फळ्यावर तिथून खोल नेत जातात. जो विषय पाठ आहे तो निवडू नका, ज्यावर चौथ्या ‘का?’चे उत्तर देता येईल तो निवडा. ‘हे मला माहीत नाही, पण असे करून पाहीन’ हे उत्तर तिथे चालते.

प्रश्न : गेल्या हंगामात सगळीकडून नकार आले, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत ठेवले आणि पुढे काहीच कळवले नाही. कारण विचारता येते का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : विचारता येते, उत्तर बहुधा साच्यातले येते. समितीत बसल्यावर लक्षात येते की पुष्कळ नकारांचा उमेदवाराशी फार थोडा संबंध असतो. तुम्ही ज्यांचे नाव लिहिले ते प्राध्यापक वर्षभर रजेवर जाणार असतात, निवृत्त होणार असतात, किंवा त्यांचे अनुदान संपलेले असते. 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन निधीत कपात झाली, तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश आखडते घेतले; त्या रेट्यात चांगले अर्जही बाहेर राहिले. म्हणून उद्देशपत्रात एकाच प्राध्यापकावर सगळी भिस्त ठेवू नका, दोघा-तिघांच्या कामाशी तुमचा धागा जुळतो हे दाखवा, आणि ते पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का हे ऑक्टोबरमध्ये चार ओळींच्या ईमेलने विचारा. उत्तर न आले तर एकदाच आठवण करा.

त्याच विभागाकडे पुन्हा अर्ज करता येतो आणि त्यात कमीपणा नाही, मात्र जुनाच अर्ज परत पाठवू नका. मधल्या वर्षात काय नवे केले ते पहिल्या परिच्छेदात यायला हवे. प्रतीक्षा यादीचे म्हणाल, तर तिथली बहुतेक विद्यापीठे स्टायपेंडसह दिलेल्या प्रवेशाचा निर्णय कळवायला विद्यार्थ्यांना 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात, त्यामुळे यादी शेवटच्या चार-पाच दिवसांत एकदम हलते. या वेळी तसे झाले तर मार्चअखेरीस विभागाच्या समन्वयकाला लिहा की जागा मिळाल्यास तुम्ही नक्की येणार आहात, आणि दरम्यान काही नवे घडले असेल, शोधनिबंध स्वीकारला गेला असेल किंवा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला असेल, तर तेही कळवा. त्या आठवड्यात फोन रात्री बंद ठेवू नका; तिकडची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र असते आणि उत्तरासाठी कधीकधी एकच दिवस मिळतो.